आपत्कालीन शिध्यावर दिवस काढताना पोट कसे सांभाळावे

आपत्कालीन शिधा तयार करणाऱ्यांपुढे तीन प्रश्न असतात: कमी वजनात जास्त उष्मांक कसे बसवायचे, ते वर्षानुवर्षे कसे टिकवायचे आणि चूल नसतानाही कसे खाता यावेत. आतड्यांचे काय होईल, हा प्रश्न त्यात नसतो. तो खाणाऱ्यावर सोडलेला असतो. म्हणूनच कपाटात शिधा नीट रचून ठेवलेल्या माणसांनाही पहिल्याच संध्याकाळी मळमळू लागते, नाहीतर चौथ्या दिवशी पोट दगडासारखे होते. यातला बहुतेक त्रास टाळता येतो. त्यासाठी शिध्यापेक्षा पाण्याकडे जास्त लक्ष द्यावे लागते आणि तयारी आधीपासून करावी लागते.

पायरी १: हातात काय आहे ते ओळखा

सगळा शिधा पोटाला सारखा नसतो. दाबून बनवलेल्या वड्यांमध्ये मुख्यतः गव्हाचे पीठ, वनस्पती चरबी आणि साखर असते. त्यांची पाकिटे बहुधा २,४०० किंवा ३,६०० किलोकॅलरींची असतात आणि एक वडी साधारण ४०० किलोकॅलरींची. यांत प्रथिने मुद्दाम कमी ठेवतात. प्रथिने पचली की युरिया तयार होतो आणि तो लघवीवाटे बाहेर टाकायला मूत्रपिंडांना पाणी लागते. पाणी कमी असताना ही बचत मोलाची आहे, पण त्याच वडीत तंतुमयपदार्थही जवळजवळ नसतात. पाकिटावर ‘तहान वाढवत नाही’ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ ‘पाणी लागत नाही’ असा घेऊ नका.

सैनिकी धर्तीचे तयार जेवण, म्हणजे एमआरई, एका पाकिटाला सुमारे १,२५० किलोकॅलरी देते. त्यात मीठ आणि चरबी भरपूर असते. अमेरिकी लष्करातही फक्त याच जेवणावर २१ दिवसांहून जास्त काळ राहू नये असे धोरण आहे. त्यातल्या च्युइंगगममध्ये रेचक असते ही समजूत मात्र खोटी आहे.

फ्रीझ-ड्राइड, म्हणजे गोठवून वाळवलेले, जेवण हलके आणि चवदार असते. पण त्याला पाणी लागते, आणि एका पाकिटात हजार मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असणे नेहमीचेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे दिवसभरात सोडियम २,००० मिलिग्रॅमच्या आत असावे. म्हणजे दोन पाकिटांत मर्यादा संपते. डबाबंद कडधान्ये, भाज्या आणि फळे पोटाला सर्वांत सोयीची, कारण त्यांत तंतू आणि पाणी दोन्ही असते. ती जड असल्याने पाठीवर नेता येत नाहीत, पण घरातच अडकून राहावे लागले तर आधी हेच डबे उघडावेत आणि वड्या मागे ठेवाव्यात.

पाकिटाच्या मागची यादी वाचताना चार गोष्टी शोधा: गहू, दूध पावडर, सोडियम आणि साखरेऐवजी वापरलेली सॉर्बिटॉल, माल्टिटॉल, झायलिटॉल यांसारखी गोडी. सीलिअ‍ॅक आजार (यात गव्हातल्या ग्लूटेनने आतड्याला इजा होते) असलेल्यांना साध्या वड्या अजिबात चालत नाहीत. ज्यांना दूध पचत नाही त्यांना दुधाची पावडर गॅस आणि जुलाब देते. सॉर्बिटॉलसारखे पदार्थ लहान आतड्यात पुरते शोषले जात नाहीत, ते पाणी ओढून घेतात; दिवसाला २० ग्रॅम पोटात गेले तर अनेकांना पातळ शौचाला होते. ‘शुगर-फ्री’ वड्या आणि गोळ्या शिध्यात न ठेवलेल्या बऱ्या.

पायरी २: गरज पडण्याआधी खाऊन पाहा

ही पायरी सगळेच टाळतात. आधी एक दिवस आणि मग, तो नीट गेला तर, सलग तीन दिवस फक्त तोच शिधा खा. एका दिवसाच्या चाचणीत मळमळ, आम्लपित्त आणि दूध न सोसणे एवढेच कळते. बद्धकोष्ठ कळायला तीन दिवस लागतात, कारण पहिल्या एक-दोन दिवसांत आधीच्या जेवणाचाच मळ बाहेर पडत असतो. या तीन दिवसांत प्यायलेले पाणी मोजून लिहा. प्रत्यक्ष साठा किती हवा याचा तुमच्यापुरता आकडा त्यातून मिळतो. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा हृदयविकार असेल, तर ही चाचणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

चाचणीच्या निमित्ताने पाकिटेही तपासून होतात. चरबी खवट झाली की वडीला जुन्या तेलासारखा किंवा रंगासारखा वास येतो; अशा वडीने पोट बिघडते. उष्णतेने शिधा लवकर खराब होतो: एमआरई २७ अंश सेल्सिअसला ३ वर्षे टिकते, तर ३८ अंशांना ६ महिन्यांचीच हमी असते. गाडीच्या डिकीत ठेवलेल्या पाकिटावरची तारीख म्हणूनच विश्वासाची नाही. फुगलेला डबा किंवा फुगलेले पाऊच चाखूनसुद्धा पाहू नका. बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे विष चवीला किंवा वासाला कळेलच असे नाही.

पायरी ३: आधी पाणी मोजा, मग खाणे ठरवा

मोठ्या आतड्यात रोज साधारण दीड लिटर द्रव येतो आणि त्यातला बहुतेक तिथेच शोषला जातो. शरीराला पाण्याची चणचण भासू लागली की हे शोषण आणखी वाढते, मळ कोरडा होतो, आणि जितका जास्त वेळ आत राहील तितका अधिक कोरडा होत जातो. शिध्यावरच्या बद्धकोष्ठाची खरी गोष्ट एवढीच आहे.

पिण्यासाठी माणशी अडीच ते तीन लिटर पाणी रोज मिळत असेल तर कोणताही शिधा पुरेसा खाता येतो. एक-दीड लिटरच असेल तर वड्यांवर राहा, खारट जेवण आणि मांसाचे डबे बाजूला ठेवा आणि रोजच्या निम्मेच खा. अर्ध्या लिटरवर आला असाल तर वडीचे लहान तुकडे तेवढे चघळा. पाणी अजिबात नसेल तर खाऊ नका. धडधाकट माणूस अन्नावाचून काही आठवडे काढू शकतो, पाण्यावाचून थोडेच दिवस.

आणि पाणी उगाच दडवून ठेवू नका. आज तहान आहे तेवढे आज प्या, उद्याच्या पाण्याची सोय शोधत राहा. बचत करायचीच तर घामात करा: उन्हात काम नको, चालणे पहाटे किंवा संध्याकाळी. एकदम लिटरभर पिण्यापेक्षा दर तासाला कपभर पाणी अंगी लागते. लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी पुरते आहे. गडद आणि कमी होऊ लागली की खाणे आणखी कमी करा.

पाणी शुद्ध असल्याची खात्री नसेल तर उकळा. खळखळून उकळी फुटल्यावर १ मिनिट, समुद्रसपाटीपासून २,००० मीटरहून उंचावर असाल तर ३ मिनिटे. इंधन नसेल तर ५ ते ६ टक्के क्लोरीनचे, सुवास न घातलेले घरगुती ब्लीच लिटरला २ थेंब घालून अर्धा तास ठेवा. नंतर क्लोरीनचा मंद वास यायला हवा. गढूळ पाणी आधी दुहेरी कापडातून गाळा आणि थेंब दुप्पट करा. क्लोरीनला क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी दाद देत नाही, तेव्हा उकळण्याची सोय असताना ब्लीचवर विसंबू नये.

पायरी ४: पहिले २४ तास सावकाश

घाबरलेल्या माणसाचे पोट मंदावलेले असते. त्यात ४०० किलोकॅलरींची चरबी-साखरेची वडी एकदम गेली की जठर लवकर रिकामे होत नाही; मळमळ, जळजळ आणि कधी उलटी होते. उलटीतून गेलेले पाणी परत मिळवणे फार महागात पडते.

वडीचे चार तुकडे करा. एक तुकडा बारीक चावून, मधे मधे घोट घेत खा आणि पुढचा अर्ध्या-पाऊण तासाने. दिवसभराचे खाणे दोन-तीन जेवणांऐवजी पाच-सहा लहान वाट्यांत पाडा. पाणी आणि थोडे इंधन असेल तर एक वडी चुरून १५० ते २०० मिलिलिटर कोमट पाण्यात कालवा. अशी लापशी वृद्धांना, दात नसलेल्यांना आणि आजाऱ्यांना कोरड्या वडीपेक्षा कितीतरी सोसते. सहा महिन्यांखालच्या बाळाला यातले काहीच द्यायचे नाही. त्याला आईचे दूधच चालू ठेवायचे; म्हणून पाण्याच्या वाटणीत त्या आईचा वाटा सगळ्यांत मोठा असावा.

फ्रीझ-ड्राइड जेवणात लिहिलेले पाणी पूर्ण घाला आणि सांगितलेला वेळ पाळा. गार पाणी असेल तर वेळ दुप्पट धरा. उंचावर पाणी कमी तापमानाला उकळते, तिथेही पाच-दहा मिनिटे जास्त. मधला दाणा कडक राहिला तर तो पोटात फुगतो आणि पोटातलेच पाणी घेतो. भिजवलेले किंवा उघडलेले जेवण दोन तासांत संपवा, उकाडा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासात.

ज्याने पाच दिवसांहून जास्त काळ जवळजवळ काहीच खाल्लेले नाही, त्याला पोटभर देणे धोक्याचे आहे. अशा शरीरात एकदम साखर गेली की रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने पेशींत ओढले जातात. हृदयाचे ठोके बिघडू शकतात. पहिले दोन दिवस नेहमीच्या गरजेच्या निम्म्याहून कमी द्या. माणूस फारच खंगलेला असेल तर दिवसाला किलो वजनामागे १० किलोकॅलरींपासून सुरुवात करतात, जीवनसत्त्व बी-१ आधी देतात, आणि हे शक्यतो दवाखान्यातच व्हावे. उपाशी माणसाला भरवण्याची आपली ओढ इथे आवरावी लागते.

पायरी ५: तंतूंची भर घाला, पण पाणी असेल तरच

प्रौढ माणसाला दिवसाला २५ ते ३० ग्रॅम तंतू लागतात. वड्यांवरच राहिलात तर त्यातले काहीच ग्रॅम मिळतात. शिध्याच्या पिशवीत टिकाऊ आणि तंतूंनी भरलेले काहीतरी वेगळे ठेवावेच लागते. १०० ग्रॅममध्ये ओट्समधून सुमारे १० ग्रॅम, बदामांतून १२, सुक्या जर्दाळूंतून किंवा प्रूनमधून (सुकवलेले आलुबुखार) ७, जवसातून २७ ग्रॅम तंतू मिळतात. रोज पाच-सहा प्रून आणि ४० ग्रॅम भिजवलेले ओट्स एवढ्यानेही फरक पडतो. प्रूनमध्ये तंतूंबरोबर नैसर्गिक सॉर्बिटॉल असते, त्यामुळे ती इतर सुक्या फळांपेक्षा जास्त काम करतात. एकदम पंधरा-वीस खाल्ली तर उलट त्रास. जवस भरडून घ्या, अख्खा दाणा तसाच बाहेर पडतो.

सवय नसेल तर तंतू रोज ५ ग्रॅमने वाढवा, नाहीतर गॅसने पोट तट्ट होते.

इसबगोल हलका, स्वस्त आणि टिकाऊ आहे, म्हणून सगळे तो पिशवीत टाकतात आणि इथेच मोठी चूक होते. एक चमचा इसबगोल किमान २४० मिलिलिटर पाण्यात घालून लगेच प्यायचा असतो, आणि त्यानंतरही दिवसभर पाणी हवे. पाण्याविना घेतलेला इसबगोल अन्ननलिकेत किंवा आतड्यात गोळा होऊन अडकू शकतो. दिवसाला दीड लिटरहून कमी पाणी मिळत असेल तर इसबगोल, जवस, कोरडे ओट्स यांतले काहीही नको. त्या दिवसांत मळ कमी होईल, दोन-तीन दिवसांनी होईल, ते चालते. खाणेच कमी आणि चोथाही नाही म्हटल्यावर रोज शौचाला झालेच पाहिजे हा हट्ट सोडा.

पायरी ६: वेळ, जागा आणि हालचाल

निवारा शिबिरात किंवा एका खोलीत दहाजण असताना माणसे शौचाची भावना दाबतात. संडास घाण असतो, रांग असते, संकोच असतो. बायका आणि मुले तर रात्र होईपर्यंत थांबतात. दोन-तीन वेळा भावना दाबली की ती येणेच कमी होते, आणि मळ आत वाळत राहतो. शिध्याइतकेच हे कारण मोठे आहे, म्हणून आडोशाची जागा पहिल्याच दिवशी ठरवा.

सकाळच्या पहिल्या खाण्यानंतर मोठे आतडे आपोआप हलते. कपभर गरम पेय, त्यावर वडीचा तुकडा आणि २० ते ३० मिनिटांनी शौचाला, अशी घडी बसवा. उकिडवे बसा, खुर्चीसारखे आसन असेल तर पायांखाली १५–२० सेंटिमीटर उंचीचे काहीतरी घ्या. जोर लावून दहा मिनिटांहून जास्त बसू नका. चालता येत नसेल तर आडवे होऊन गुडघे पोटाशी घ्या आणि पोटावर उजवीकडून वर, आडवे, मग डावीकडे खाली असा हात पाच मिनिटे फिरवा.

मोकळ्यावर जावे लागले तर पाण्यापासून किमान ६० मीटर दूर, १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा करून बुजवा. हात साबणाने २० सेकंद धुवा. सॅनिटायझर हा दुय्यम उपाय आहे. नोरोव्हायरससारख्या जुलाब-उलट्या पसरवणाऱ्या विषाणूवर तो नीट चालत नाही. पाणी तुटपुंजे असेल तेव्हाही जेवण बनवणाऱ्याच्या हातांसाठी ते राखून ठेवा.

बिघडलेच तर

तीन दिवस शौचाला झाले नाही, पण पोट मऊ आहे आणि वारा सरतो आहे, तर आधी पाणी आणि हालचाल वाढवा. चौथ्या दिवसापासून औषध घ्यायला हरकत नाही, पण ते पाण्याच्या साठ्यानुसार निवडा. पाणी भरपूर असेल तर पॉलिइथिलीन ग्लायकॉल १७ ग्रॅम, २४० मिलिलिटर पाण्यातून. एक ते तीन दिवसांत काम करते. पाणी कमी असेल तर ग्लिसरीनची बत्ती उत्तम, ती खालूनच, बहुधा तासाभरात काम करते. बिसाकोडिल ५ ते १० मिलिग्रॅम रात्री घेतले की ६ ते १२ तासांत परिणाम होतो. गोळी चावू नये, दुधाबरोबर घेऊ नये. ही मात्रा प्रौढांची आहे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मॅग्नेशियमची रेचके घेऊ नयेत. लोहाच्या गोळ्या, कोडीनसारखी वेदनाशामके आणि काही अ‍ॅलर्जीच्या गोळ्या बद्धकोष्ठ वाढवतात, तेही पाहा.

एक फसवा प्रकार लक्षात ठेवा. बरेच दिवस काहीच नाही आणि अचानक कपड्याला पातळ पाणी लागू लागते. माणसाला वाटते जुलाब लागले आणि तो जुलाब थांबवायची गोळी घेतो. प्रत्यक्षात खाली घट्ट गोळा अडकलेला असतो आणि पातळ मळ त्याच्या कडेने झिरपत असतो. वृद्धांत आणि अंथरुणाला खिळलेल्यांत हे जास्त दिसते. आधी किती दिवस कोरडे गेले ते विचारल्याशिवाय जुलाबाची गोळी देऊ नका.

खरे जुलाब असतील तर पहिले औषध ओआरएस. पाकीट नसेल तर १ लिटर शुद्ध पाण्यात साखरेचे ६ सपाट चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट चमचा, ५ मिलिलिटरच्या चमच्याने मोजून. मीठ जास्त पडले तर लहान मुलांना धोका असतो, तेव्हा चमचा पात्याने सपाट करा. मिश्रण २४ तासांनी टाकून द्या. प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिलिलिटर, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर, मोठ्यांना हवे तेवढे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करा. खाणे बंद करू नका, फक्त चरबीच्या वड्या आणि गोड पेये बाजूला ठेवा. जुलाब थांबवणारे लोपेरामाइड प्रौढांनी, तेही ताप किंवा रक्त नसेल तरच घ्यावे: आधी ४ मिलिग्रॅम, मग प्रत्येक जुलाबानंतर २, दिवसात एकूण ८ च्या वर नाही. मुलांना देऊ नये.

जळजळ होत असेल तर खाल्ल्यावर दोन तास आडवे होऊ नका आणि वडी रात्री खाऊ नका. गॅसचे कारण बहुतेकदा घाईने गिळणे, दूध पावडर किंवा अर्धवट भिजलेले जेवण हेच असते.

पोट फुगून कडक झाले आहे, उलट्या होत आहेत आणि वारासुद्धा सरत नाही, तर आतडे अडकल्याची शक्यता आहे. खाणे आणि रेचक दोन्ही बंद करा आणि जमेल त्या मार्गाने रुग्णालय गाठा. शौचात रक्त, डांबरासारखा चिकट काळा मळ, जुलाबांबरोबर जोराचा ताप, आठ तास लघवी नाही, गुंगी, बाळाचे डोळे किंवा टाळू खोल गेलेली, यांतले काहीही असेल तर थांबू नका. लोहाच्या गोळ्यांनीही मळ काळपट होतो, पण तो चिकट आणि विशिष्ट दुर्गंधीचा नसतो.

ताज्या जेवणाकडे परतताना

नेहमीचे जेवण मिळू लागले की पहिल्या दिवशी मऊ आणि कमी तेलाचे, निम्म्या मात्रेत खा. कच्ची पाने, कडधान्ये आणि तळलेले दोन-तीन दिवसांनी, थोडे थोडे. पाणी कमी करू नका. रेचक घेत असाल तर ते दोन-तीन दिवसांत थांबवा. पोट मार्गावर यायला आठवडाभर लागणे नेहमीचेच. पण संकटाच्या दिवसांत बाहेरचे पाणी प्यायला असाल आणि एक-दोन आठवड्यांनी तेलकट, दुर्गंधीयुक्त पातळ शौच, ढेकर आणि गॅस सुरू झाले, तर दोष शिध्याला देऊ नका. जिआर्डिया या परजीवीची लक्षणे इतक्याच दिवसांनी दिसू लागतात. शौचाची तपासणी करून घ्या आणि कोणते पाणी प्यायलात ते डॉक्टरांना सांगा.